बागकामाच्या नव्या व्यवसायात कामाचा दर कसा काढावा: मोजमापापासून दरपत्रकापर्यंत

बागकामाचा व्यवसाय सुरू करणाऱ्याला ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतो, ‘चौरस फुटाला काय घेता?’ अनुभव नसल्यामुळे आपण कोणाकडून तरी ऐकलेला आकडा सांगतो आणि त्या एका आकड्याने पुढच्या पंधरा दिवसांचे श्रम बांधले जातात. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक काम पुण्याच्या उपनगरातील एका रो-हाउसच्या मागील अंगणाचे होते. मी अंगण पाहिले, पावलांनी मोजले आणि उक्ता दर सांगून टाकला. खोदाई सुरू झाल्यावर अर्ध्या फुटाखाली विटांचे तुकडे, प्लास्टर, फरशीचे कपचे आणि सिमेंटची रिकामी पोती निघू लागली. तो सगळा राडारोडा बाहेर काढून तितकीच माती आत आणावी लागली, आणि घराच्या कडेची गल्ली जेमतेम तीन फुटांची असल्याने प्रत्येक घमेले माणसाच्या डोक्यावरून गेले. दर तोंडी ठरला होता, त्यामुळे वाढीव खर्च मागण्यास जागा नव्हती. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी मोजमाप, मग माल, मग मजुरी, मग आपला वार्षिक खर्च आणि सर्वांत शेवटी नफा. चौरस फुटाचा दर या हिशेबाच्या अखेरीस निघतो. तेथून हिशेबाची सुरुवात करता येत नाही.

या लेखातील रुपयांचे सर्व आकडे पद्धत समजावण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या गावातील माती, रोपे आणि मजुरी यांचे त्या आठवड्यातील भाव विचारून ते बदलून घ्यावेत.

जागेची पाहणी

पाहणीला जाताना मोजपट्टी, पहार, वही आणि फोनचा कॅमेरा सोबत असावा. जागेचा आराखडा हाताने काढून प्रत्येक भागाचे वेगळे माप लिहावे, म्हणजे हिरवळ किती चौरस फूट, फुलझाडांचे वाफे किती, कुंपणाची रांग किती धावते फूट आणि मोठी झाडे किती. एकूण क्षेत्रफळ एकाच आकड्यात लिहून आणले, तर घरी बसल्यावर हिशेब करता येत नाही, कारण हिरवळीला सहा इंच माती पुरते, तर फुलझाडांना आणि कुंपणाला किमान एक फूट लागते.

त्यानंतर तीन-चार ठिकाणी पहार मारून पाहावी. नव्या इमारतींच्या आवारात वरचा मुरूम सपाट दिसतो आणि त्याखाली बांधकामाचा राडारोडा दाबलेला असतो, हे इतके सर्रास आढळते की ते गृहीत धरूनच तपासणी करावी. काळी माती असेल तर पाणी साचण्याची शक्यता पाहावी आणि उतार कोणत्या दिशेने आहे, पाणी शेवटी कोणत्या चेंबरमध्ये जाते, हेही नोंदवावे.

पोहोच ही पाहणीतील सर्वांत महाग बाब आहे आणि नवीन माणसाचे नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. डंपर फाटकापर्यंत येतो का, माती कोठे ओतता येईल, तेथून कामाची जागा किती पावले आहे, मध्ये जिना आहे का, सोसायटीत मालासाठी लिफ्ट वापरू देतात का आणि कामाच्या वेळा कोणत्या, हे सर्व विचारून घ्यावे. एका घमेल्यात साधारण अर्धा घनफूट माती मावते असे धरले, तर एका ब्राससाठी, म्हणजे १०० घनफुटांसाठी, दोनशे घमेली वाहावी लागतात. गच्चीवरील किंवा पोडियमवरील बागेत याला वजनाचा प्रश्न जोडला जातो, कारण एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. किती थर चालेल याचे उत्तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे आणि वॉटरप्रूफिंग आपल्या कामात नसल्यास तसे दरपत्रकात स्पष्ट लिहावे.

जागेवर मोठे झाड असेल आणि ग्राहकाला ते काढायचे असेल, तर त्याचा दर लगेच देऊ नये. शहरी भागातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्याचे संरक्षण आहे आणि झाड तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगी मिळवणे ही मालकाची जबाबदारी राहील, एवढे लिहून ती बाब बाजूला ठेवावी.

मालाचे परिमाण काढणे

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका बंगल्याभोवती ८०० चौरस फूट हिरवळ, १५० चौरस फूट फुलझाडांचे वाफे, ९० धावते फूट लांब व दीड फूट रुंद कुंपणाची रांग आणि चार मोठी झाडे, एवढे काम आहे. फाटकापर्यंत डंपर येतो.

माती ब्रासमध्ये विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हिरवळीसाठी ८०० गुणिले अर्धा फूट म्हणजे ४०० घनफूट, वाफ्यांसाठी १५० गुणिले एक फूट म्हणजे १५०, आणि कुंपणासाठी ९० गुणिले दीड गुणिले एक म्हणजे १३५ घनफूट. एकूण ६८५ घनफूट. गाडीतून येणारी माती सैल असते आणि पाणी मारल्यावर बसते, म्हणून त्यावर २० टक्के वाढ धरली की ८२२ घनफूट, म्हणजे सव्वाआठ ब्रास होते. परंतु डंपर तीन ब्रासचा असेल तर सव्वाआठ ब्रास मागवता येत नाही, तीन गाड्या म्हणजे नऊ ब्रास घ्यावी लागते आणि दरही नऊ ब्रासचाच धरावा लागतो. गाडीत खरोखर तीन ब्रास आहे का, हे आत मोजपट्टी धरून पाहावे: १४ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३ फूट उंच भरलेल्या गाडीत २९४ घनफूट, म्हणजे तीन ब्रासला थोडी कमी माती असते. माती घेताना ती कोठून आली आहे हेही विचारावे, कारण तिच्यासोबत लव्हाळ्याच्या गाठी आल्या तर हिरवळीत पुढील सहा महिने निंदणी करावी लागते आणि तो खर्च कोणत्याही दरपत्रकात नसतो.

रोपांची संख्या अंतरावरून निघते. रोपे सर्व बाजूंनी एक फुटावर लावायची असतील तर चौरस फुटाला एक रोप लागते, नऊ इंचांवर लावायची असतील तर जवळजवळ पावणेदोन, आणि दीड फुटावर लावायची असतील तर अर्ध्याहूनही कमी. म्हणजे केवळ अंतर नऊ इंचांऐवजी दीड फूट केले की रोपांचा खर्च चौथाईवर येतो. आपल्या उदाहरणातील वाफ्यांत चांदणी तगर, एक्झोरा आणि जास्वंद सव्वा फुटावर लावायचे ठरले, तर १५० भागिले १.५६ म्हणजे ९६ रोपे होतात, म्हणून १०० धरावीत. कुंपणाला दुरांता एक फुटाच्या अंतराने दोन नागमोडी ओळींत लावल्यास १८० रोपे लागतील, तुटफूट धरून १९०. रोपवाटिकेत भाव विचारताना केवळ जातीचे नाव सांगून भागत नाही, पिशवीचे माप सांगावे लागते. सहा बाय आठ इंचांच्या पिशवीतील आणि सोळा बाय सोळा इंचांच्या पिशवीतील सोनचाफा यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. ग्राहकाच्या कागदावरही रोपाची उंची आणि पिशवीचे माप लिहावे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या स्वस्त दराशी तुलना करताना त्याला वस्तू कळते.

सगळा माल मांडला की असे दिसते. माती नऊ ब्रास, ३,५०० रुपये दराने ३१,५००. चांगले कुजलेले शेणखत एक ट्रॉली ५,०००. हिरवळीच्या लाद्या पाच टक्के कापणीची घट धरून ८४० चौरस फूट, १२ रुपयांनी १०,०८०. दुरांता १९० रोपे, २० रुपयांनी ३,८००. वाफ्यांची १०० रोपे, ६० रुपयांनी ६,०००. बहावा, ताम्हण, सोनचाफा अशी चार मोठी झाडे ३,६००. बांबू आणि सुतळी ४००, निंबोळी पेंड व इतर खते १,५००. मालाची बेरीज ६१,८८० रुपये. रोपांची वाहतूक ३,००० आणि कचरा-राडारोड्याची एक गाडी ३,५०० मिळवली की ६८,३८० रुपये होतात.

मजुरी: दिवस मोजावेत

मजुरीचा अंदाज ‘आठवडाभर लागेल’ अशा शब्दांत करू नये. कामाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला किती मनुष्यदिवस (एका माणसाचे एका दिवसाचे काम) लागतील ते लिहावे. येथे साफसफाई व खोदाईला आठ, माती आणि खत आत वाहून पसरण्यास बारा, सपाटीकरण, पाणी मारून माती बसवणे आणि रोलर फिरवणे यांना चार, हिरवळ बसवण्यास चार, कुंपण, वाफे व झाडे लावण्यास पाच आणि शेवटच्या सफाईला दोन, असे एकूण ३५ मनुष्यदिवस धरले आहेत. त्यांतील २९ दिवस बिगाऱ्यांचे, ८०० रुपयांनी २३,२००, आणि सहा दिवस जाणत्या माळ्याचे, १,१०० रुपयांनी ६,६००. चहापाणी आणि जाण्यायेण्याचे १,५०० धरले की मजुरी ३१,३०० रुपये होते.

या टप्प्यावर बरेच जण स्वतः फावडे हातात घेऊन एका मजुराचा रोज वाचवतात आणि त्या दिवसाचा खर्च शून्य धरतात. सुरुवातीला स्वतः काम करण्यात काहीच गैर नाही, मीही केले आहे, परंतु तो रोज हिशेबात लिहिलाच पाहिजे. पुढच्या वर्षी तेच काम माणूस ठेवून करावे लागले की आपला जुना दर पुरत नाही, आणि ज्या ग्राहकांना तो दर सवयीचा झाला आहे त्यांना वाढ पटवता येत नाही.

प्रत्यक्ष खर्च आता ९९,६८० रुपये झाला. त्यात जोखमीची रक्कम मिळवावी. लावलेल्या रोपांपैकी काही मरतात आणि नांग्या भरून, म्हणजे त्यांच्या जागी नवी रोपे लावून, द्याव्या लागतात, त्यासाठी रोपांच्या १३,४०० रुपयांच्या किमतीवर दहा टक्के, म्हणजे १,३४०, आणि अनपेक्षित अडचणींसाठी प्रत्यक्ष खर्चाच्या पाच टक्के, म्हणजे ४,९८४. बेरीज १,०६,००४ रुपये.

स्वतःचा वार्षिक खर्च कामावर वाटणे

हा भाग मी सर्वांत अधिक आग्रहाने सांगतो, कारण काम भरपूर असूनही व्यवसाय बंद पडण्याचे कारण बहुधा येथे सापडते. कोणत्याही एका कामाच्या बिलात न दिसणारा खर्च वर्षभर चालूच असतो: अवजारे व यंत्रांची दुरुस्ती ३०,०००, दुचाकीचे पेट्रोल ४८,०००, फोन आणि इंटरनेट १२,०००, हिशेबनीस १५,०००, विमा १०,०००, साहित्य ठेवण्याच्या खोलीचे भाडे ३६,०००, छपाई व जाहिरात ९,०००. यांची बेरीज १,६०,००० होते. यात स्वतःचे वेतन, समजा महिना २५,००० म्हणजे वर्षाला ३,००,०००, मिळवले की ४,६०,००० रुपये होतात.

वर्षाचे ३६५ दिवस असले तरी प्रत्यक्ष कामाचे दिवस त्याहून फार कमी असतात. पाहण्या, रोपवाटिकेच्या फेऱ्या, दरपत्रके, सण, मजूर गावी गेलेले दिवस आणि पावसात मातीकाम थांबलेले आठवडे वगळले, तर पहिल्या वर्षी १६० दिवस धरणे शहाणपणाचे ठरते. ४,६०,००० भागिले १६० म्हणजे दर कामाच्या दिवशी २,८७५ रुपये. आपले उदाहरणातील काम पाच माणसांचे सात दिवसांचे आहे, म्हणून त्याच्या वाट्याला २०,१२५ रुपये येतात आणि एकूण खर्च १,२६,१२९ रुपयांवर पोहोचतो.

नफा यानंतर येतो. स्वतःचे वेतन म्हणजे नफा नव्हे. नफ्यातून नवे यंत्र घेता येते, एखादे बिल अडकले तर मजुरांचा पगार देता येतो. येथे टक्केवारीची एक चूक हमखास होते. विक्री किमतीवर १२ टक्के नफा हवा असेल तर खर्चात १२ टक्के मिळवून चालत नाही, खर्चाला ०.८८ ने भागावे लागते. मिळवल्यास १,४१,२६४ रुपये होतात, भागल्यास १,४३,३२८. हा दोन हजारांचा फरक वर्षभराच्या कामांवर बराच मोठा होतो. आपण दर १,४३,५०० सांगू, आणि लागवडीच्या १,०८५ चौरस फुटांनी भागले की तो चौरस फुटाला सुमारे १३२ रुपये पडतो.

आता समजा ग्राहक म्हणाला, ‘दुसरे एक जण ९० रुपयांत करून देतात.’ ९० रुपयांनी या कामाचे ९७,६५० रुपये होतात, म्हणजे माल, वाहतूक आणि मजुरी एवढाच खर्चसुद्धा भरून निघत नाही. त्या दराने काम करणारा एक तर सहाऐवजी तीन इंच माती टाकणार आहे, किंवा लहान पिशवीतील रोपे आणणार आहे, किंवा सुरुवातीच्या काळातील तुमच्या-माझ्याप्रमाणे त्यानेही हिशेबच केलेला नाही. अशा वेळी दर न कमी करता काम कमी करावे. हिरवळ ८०० ऐवजी ५०० चौरस फूट करून उरलेल्या जागेत ग्राहकाने नंतर लागवड करावी, मोठ्या झाडांची पिशवी एक माप लहान घ्यावी किंवा वाफ्यांतील अंतर वाढवून भरगच्चपणासाठी एक पावसाळा थांबावे, असे पर्याय बेरजेसह त्याच्यासमोर ठेवावेत. तेवढ्याच कामासाठी पाच हजार सोडून दिले, तर आधी सांगितलेला दर फुगवलेला होता असाच अर्थ ग्राहक काढतो, आणि तो अर्थ तो शेजाऱ्यालाही सांगतो.

कर आणि कपात

सेवा देणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. जिवंत रोपांच्या नुसत्या विक्रीवर कर नाही, परंतु माल आणि मजुरी एकत्र असलेल्या उक्त्या कामाला वेगळे नियम लागतात, त्यामुळे उलाढाल मर्यादेजवळ येण्यापूर्वीच कर सल्लागाराशी बोलून बिलाची रचना ठरवावी. सोसायटी किंवा कंपनीचे काम असेल तर कंत्राटाच्या रकमेतून वैयक्तिक मालकीच्या व्यवसायासाठी एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो. ती रक्कम विवरणपत्र भरल्यावर जमेस धरली जाते, म्हणून ती दरात मिळवू नये, पण हातात येणारे पैसे तितके कमी असतील हे लक्षात ठेवावे आणि पॅन देण्यास विसरू नये.

दरपत्रकात काय लिहावे

दरपत्रक दोन पानांचे असले तरी चालेल, परंतु त्यात परिमाणे हवीत: मातीचा थर किती इंच, किती ब्रास, कोणती रोपे, किती आणि कोणत्या मापाची. त्याखाली काय समाविष्ट नाही ते लिहावे. माझ्या प्रत्येक दरपत्रकात आता हे वाक्य असते: ‘खोदाईत बांधकामाचा राडारोडा, खडक किंवा जुनी पाइपलाइन निघाल्यास ते काढणे, वाहून नेणे आणि त्या जागी माती भरणे यांचा खर्च प्रति ब्रास वेगळा आकारला जाईल, आणि काम पुढे नेण्यापूर्वी छायाचित्रासह कळवले जाईल.’ त्या वाक्यासोबत प्रति ब्रास दरही लिहावा, नाहीतर वाद फक्त पुढे ढकलला जातो.

पाणी आणि वीज कोणी द्यायची हे ठरलेले असावे. नव्या हिरवळीला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी धरले, तर ८०० चौरस फुटांना रोज साधारण ३७० लिटर लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत याहून अधिक. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा प्रश्न काम घेण्यापूर्वीच काढावा. रोपांची हमीही पाण्याशी बांधावी: पहिल्या तीस दिवसांत मेलेली रोपे बदलून मिळतील, मात्र पाणी न दिल्याने, जनावरांमुळे किंवा इतर कामगारांमुळे झालेले नुकसान त्यात येत नाही. तीस दिवसांची देखभाल मोफत द्यायची असेल, तर तिच्या फेऱ्यांची मजुरी मनुष्यदिवसांत आधीच मिळवलेली असावी. आपल्या उदाहरणात ती धरलेली नाही, म्हणून देखभाल तेथे वेगळी आकारावी लागेल.

दरपत्रकाची मुदत पंधरा दिवस ठेवावी. मे महिन्यात दिलेला मातीचा भाव जुलैत टिकत नाही, कारण पाऊस लागला की मातीची वाहतूक अडते. हप्ते कामाच्या टप्प्यांना जोडावेत: काम सुरू करण्यापूर्वी ४० टक्के, माती भरून सपाट झाल्यावर आणि रोपे येण्यापूर्वी ४०, काम पूर्ण झाल्यावर २०. रोपे जमिनीत गेल्यावर ती परत आणता येत नाहीत, म्हणून दुसरा हप्ता रोपांच्या आधी हवा. सोसायटीच्या कमिटीला धनादेश काढण्यास सभेची वाट पाहावी लागते, तेव्हा ही अट काम सुरू होण्यापूर्वी सचिवांना समजावून सांगावी.

देखभालीचे मासिक दर

देखभालीचे काम महिन्याच्या ठोक रकमेने घेतले जाते, पण तेही फेऱ्यांवरून काढावे. महिन्यात किती फेऱ्या, प्रत्येक फेरीत किती तास, जाण्यायेण्यास किती वेळ, खत-औषधे कोणाची, हिरवळ कापण्याचे यंत्र कोणाचे, एवढे लिहिले की दर आपोआप ठरतो. पावसाळ्यात गवत आठवड्याला कापावे लागते आणि हिवाळ्यात तितके लागत नाही, त्यामुळे वर्षाच्या एकूण फेऱ्या मोजून बाराने भागावे. एकाच परिसरातील तीन कामे एका दिवशी बसवता आली तर प्रवासाचा खर्च तिघांत वाटला जातो. दूरचे एकटे काम त्याच दराने घेऊ नये.

काम संपल्यावरची वही

काम संपलेल्या संध्याकाळीच वहीचे एक पान उघडून डाव्या बाजूला अंदाज आणि उजव्या बाजूला प्रत्यक्ष आकडा लिहावा: ब्रास, रोपे, गाड्या, मनुष्यदिवस, मेलेली रोपे. नऊ ब्रास माती आत वाहण्यास बारा दिवस धरले होते आणि सोळा लागले, तर का लागले तेही एका ओळीत लिहावे, जसे की ‘फाटक ते मागील अंगण ६० पावले, दोन पायऱ्या’. अशी दहा-बारा पाने झाली की पुढच्या पाहणीत फाटकाशी उभे राहून पावले मोजतानाच मनुष्यदिवसांचा आकडा बराच अचूक येऊ लागतो, आणि चौरस फुटाचा दर विचारणाऱ्या ग्राहकाला ‘मोजमाप करून दोन दिवसांत लेखी देतो’ हे उत्तर देताना संकोच वाटत नाही.